पदयात्रेआधी बुटातील सुकतळा तपासा

चैत्र लागला की खान्देशातले रस्ते पदयात्रींनी फुलून जातात. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून हजारो भाविक वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. धुळ्याहून गड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, जळगावहून तर दोनशेच्या आसपास. पुढे आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. ती वाटचाल सुमारे महिनाभराची असते. निघताना अंथरूण, पाण्याची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या या साऱ्यांची आठवण होते. मात्र ज्या पायांवर हा सगळा भार पडणार, त्यांच्याखाली काय आहे हे क्वचितच कोणी पाहतो. आदल्या दिवशी कोरे बूट घ्यायचे आणि दुसऱ्या मुक्कामी फोड मोजत बसायचे, हा अनुभव अनेकांचा आहे.

साधा हिशेब करून पाहा. एका पावलात पाऊण मीटर अंतर धरले, तर ३० किलोमीटरच्या चालीत ४० हजार पावले पडतात. म्हणजे प्रत्येक टाच दिवसाला २० हजार वेळा जमिनीवर आदळते. एका पायात २६ हाडे असतात. त्यांना जोडणाऱ्या स्नायुबंधांवर हा ताण दिवसामागून दिवस पडत राहतो.

सुकतळ्याचे काम काय?

बुटाच्या आत पायाखाली जी सुटी पट्टी असते तिला आपल्याकडे सुकतळा म्हणतात. दुकानात ती ‘इनसोल’ या नावाने मिळते. मऊपणा देणे एवढेच तिचे काम, असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात टाच जागेवर धरून ठेवणे, तळपायाच्या कमानीला आधार देणे आणि शरीराचा भार सगळ्या तळव्यावर सारखा पसरवणे ही तिची खरी कामे आहेत. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचे बूट टणक प्लॅस्टिकचे असतात. त्यात पाय सरकला तर पायाखालच्या पट्ट्यांवरचा ताबा सुटतो. म्हणून अनेक खेळाडू त्यात पायाच्या ठेवणीप्रमाणे सुकतळा बसवून घेतात. आपली वाट डांबराची आणि उन्हाची असली, तरी बुटात पाय स्थिर राहिला पाहिजे हा नियम येथेही लागू आहे. पाय सरकला की कातडी घासते आणि घासली की फोड येतो.

आधी पाय ओळखा

तळपाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहा आणि उमटलेला ठसा पाहा. ठशाची आतली बाजू मध्यभागी आत वळलेली असेल तर कमान साधारण आहे. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट आहे. टाच आणि चवडा यांच्यामध्ये अगदी बारीक पट्टी उमटली, किंवा मध्ये काहीच उमटले नाही, तर कमान उंच आहे. यावरून अंदाज येतो, निदान होत नाही. सपाट पाय हा काही आजार नव्हे. तो दुखत नसेल तर सुकतळ्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. लहान मुलांचे पाय सपाट दिसले तरी पालकांनी घाबरू नये. चवड्यावर उभे केल्यावर मुलाच्या पायाची कमान दिसत असेल आणि दुखणे नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत.

कोणता घ्यावा?

बोट दाबताच तळाला टेकणारा लिबलिबीत सुकतळा दुकानात सुखाचा वाटतो, पण चार दिवसांच्या चालीत चपटा होतो. दाबल्यावर थोडा दबणारा आणि सोडल्यावर लगेच वर येणारा फोमचा सुकतळा बहुतेकांना पुरतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकत असेल, तर टाचेभोवती वाटीसारखी कड असलेला आणि कमानीखाली थोडा घट्ट असलेला सुकतळा घ्यावा. अशा टाचदुखीत मापाने बनवलेल्या महागड्या सुकतळ्याचा फायदा चांगल्या तयार सुकतळ्यापेक्षा फारसा जास्त दिसलेला नाही. त्यामुळे आधी तयार सुकतळा वापरून पाहण्यात शहाणपणा आहे. उंच कमानीच्या पायाला धक्के जास्त बसतात, म्हणून त्याला घट्ट आधारासोबत मऊपणाही लागतो. चवड्याखाली दुखत असेल तर तेथे छोटी उशी लावतात. ती नेमकी दुखऱ्या जागेखाली न लावता तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावावी. तरच दुखऱ्या जागेवरचा भार कमी होतो.

बसवताना काय पाहावे?

दुपारनंतर पाय थोडे सुजतात, म्हणून बूट आणि सुकतळा संध्याकाळी घ्यावा. यात्रेत जे मोजे घालणार तेच घालून दुकानात जावे. बुटातील जुना सुकतळा आधी काढावा. एकावर एक दोन घातल्यास पाय वर उचलला जातो, टाच निसटते आणि बोटे वर घासतात. नवा सुकतळा जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे. टाच वाटीत बरोबर बसली पाहिजे आणि कमानीचा उंचवटा पायाच्या कमानीखालीच आला पाहिजे. लांबी जास्त असेल तर जुना सुकतळा त्यावर ठेवून खूण करावी आणि फक्त बोटांकडची बाजू थोडी थोडी कापावी. टाचेकडची बाजू कधीही कापू नये. बुटात बसवल्यावर सुकतळ्याची कड दुमडलेली नसावी. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. बोटे आवळली जात असतील तर सुकतळा चांगला असूनही बूट लहान आहे, हे लक्षात घ्यावे.

पहिल्या दिवशी तासाभरापुरताच वापर करावा आणि रोज थोडा वेळ वाढवावा. निदान दोन-तीन आठवडे आधी त्याच बुटात, त्याच सुकतळ्यावर रोजचा फेरफटका झालेला असावा. सुरुवातीला तळव्याला किंचित वेगळे वाटणे साहजिक आहे. पण टोचणे, मुंग्या येणे किंवा गुडघा दुखणे सुरू झाले तर तो सुकतळा काढून टाकावा.

मधुमेहींनी विशेष सावध राहावे

वरील सल्ला पायाला संवेदना असणाऱ्यांसाठी आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात पाय बधिर होतात. खडा टोचला, बूट चावला, डांबराचा चटका बसला तरी कळत नाही. फोड चिघळतो, जखम हाडापर्यंत जाते आणि कधी कधी पाय कापण्याची वेळ येते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना त्यांनी दाखवून दिले की वारंवार होणाऱ्या जखमांचे मूळ बधिरपणात असते. वेदना होत नाही, म्हणून रुग्ण दुखऱ्या पायावर चालतच राहतो. अशा पायांसाठी एमसीआर या मऊ रबराच्या तळाची पादत्राणे भारतात वापरात आली. बधिर पायाच्या मधुमेहींनाही ती दिली जातात.

म्हणून मधुमेहींनी पदयात्रेआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. नायलॉनच्या १० ग्रॅम दाबाच्या तंतूने संवेदना पाहतात आणि पायातील नाडीही तपासतात. तपासणीला काही मिनिटे पुरतात. पाय बधिर असेल तर बाजारातील टणक कमानीचा सुकतळा स्वतःच्या मनाने घालू नये. अनवाणी चालण्याचा नवस असला तरी एप्रिलच्या तापल्या रस्त्यावर बधिर पाय उघडा ठेवू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा किंवा दुमड आहे का हे पाहावे. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. शेक घेण्यासाठी पाय गरम पाण्यात बुडवू नयेत. भोवरी ब्लेडने कापू नये. फोड, लाली किंवा पाणी दिसले तर तेथेच चाल थांबवावी आणि वाटेतल्या दवाखान्यात पाय दाखवावा. उरलेला प्रवास बसने केला तरी दर्शन चुकत नाही. पाय शाबूत राहिला तर पुढच्या चैत्रात पुन्हा पायी निघता येईल.