माशी, मनुका आणि काळा आजार

काळा आजार वाळूमाशीच पसरवते, हा संशय जुना. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, असं आम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणणारच! तर आपण माशीच्या पोटात शिरू. रुग्णाच्या रक्तातून आलेला लिशमानिया तिथे शेपटी काढतो, आतड्याच्या भिंतीला धरून राहतो. न धरणारे विष्ठेबरोबर बाहेर. उरलेले वाढतात आणि जेलीसारख्या स्रावाने माशीची अन्ननलिकाच तुंबवतात. तिला रक्त नीट ओढता येत नाही; ती पुन्हापुन्हा चावते, परजीवी जखमेत ओकते. आता चावतं कोण, माशी की परजीवी? प्रयोगात मात्र हा संसर्ग साधेना. मग बिहारमधल्या संशोधकांनी रक्तानंतर माशांना मनुका चारल्या, आणि परजीवी भरमसाट वाढले. हीच युक्ती वापरून १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात अशा माशा स्वयंसेवकांना चावू दिल्या. त्यांना काळा आजार झाला.