तीन मिनिटांत राग कसा बसवला?

मंडळी, सुरुवातीला जी तबकडी ऐकवली तिचा शेवट नीट ऐकलात ना? गाणं संपतं आणि बाई इंग्रजीत सांगतात, 'माय नेम इज गौहर जान.' तुमच्यापैकी बरेच जण हसलात. पण त्या वाक्याची तेव्हा अगदी व्यवहारी गरज होती. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. मुद्रण व्हायचं मेणावर. ते मेण बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तबकड्या तिथे निघायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी काय नि भजन काय, सगळं सारखंच! कुणाच्या नावाचं लेबल चिकटवायचं हे त्याला कळावं, म्हणून गाणाऱ्याने शेवटी आपलं नाव पुकारायचं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि ही यातायात थांबली.

आता त्या खोलीत काय चालायचं ते डोळ्यांसमोर आणा. मायक्रोफोन नाही, वीज नाही. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं, आणि जोरात गायचं. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणात चर पाडायची. बस्स, एवढंच यंत्र. खर्जाचे स्वर त्यात धड उमटत नसत. तंबोरा तर जवळजवळ नाहीसाच व्हायचा. म्हणजे ज्याच्या आधारावर आपलं सगळं गाणं उभं, तेच आधी गेलं.

आणि वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. मैफिलीत एकेक राग तास-तासभर चालायचा. मग विलंबित गेलं, आलापी गेली. स्थायी, अंतरा, चार बोलताना, दोन झपाट्याच्या ताना आणि समेवर येऊन खलास. पुष्कळ जण याला 'गाणं कापलं' म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. तीन मिनिटांत रागाचा चेहरा दाखवायचा तर काय ठेवायचं, काय सोडायचं याचा निर्णय गायकाला आधी घ्यावा लागतो. तो निर्णय ज्यांना जमला त्यांच्या तबकड्या आजही ऐकवतात. ज्यांना जमला नाही त्यांच्या तबकडीत नुसती घाई ऐकू येते.

पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. कर्ण्यासमोर आलं कोण?

पहिल्या फळीत बायका मोठ्या संख्येने आल्या. गौहर जान आल्या, जोहराबाई आग्रेवाली आल्या. गाणं हाच या बायकांचा उघड व्यवसाय होता, आणि दूरदूर नाव पोहोचणं त्यांच्या फायद्याचं होतं. अनेक थोर खाँसाहेब-बुवा मात्र कचरत होते. आपली चीज कुणीही उचलेल, पानाच्या दुकानात कुणीही वाजवेल, ही धास्ती. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे काही जण लवकर पुढे आले, हा अपवाद. परिणाम असा की समाजाने ज्यांना बैठकीबाहेर मान दिला नाही त्या बायकांचे आवाज राहिले. उलट १९२२ मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी आपल्या हाती नाही. अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत होते, त्यांचंही गाणं आपण ऐकू शकत नाही. ते आपल्यापर्यंत येतं ते शिष्यांच्या गळ्यातून.

तबकडीने शिकण्याची वाटही बदलली. गदगच्या एका मुलाने दुकानात वाजत असलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकली, आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. भीमसेन जोशी. खाँसाहेबांपुढे न बसताच त्यांच्या गाण्याचं वेड लागलं होतं, हे पूर्वीच्या पिढीला शक्यच नव्हतं. पण लक्षात घ्या, तबकडीवर त्यांचं भागलं नाही. गुरू शोधावाच लागला.

१९२५ पासून विजेवरचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला. ओरडायची गरज संपली, तंबोरा परत ऐकू येऊ लागला. वेळ मात्र तीन-साडेतीन मिनिटंच राहिली, लाँग प्ले तबकडी येईपर्यंत.

याच काळात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रित झाल्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, कलावंत समाजातल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

ती भैरवीच आता लावतो. ऐकताना एवढंच बघा, शेवटची तान त्या कुठे सुरू करतात आणि घड्याळ त्यांच्या गाण्यात कुठे ऐकू येतं का.