सपाटीवर पळते, पुलावर थांबते

लूना १९७२ साली रस्त्यावर आली. ती बंद पडली की चालवणारा आधी प्लग काढून पाही. तो कोरडा आहे की ओला, तांबूस आहे की काजळलेला, यावरून निम्मे निदान जागेवरच होई. साध्या सायकलला मोटर, कंट्रोलर आणि बॅटऱ्या जोडून घरी केलेल्या विजेच्या सायकलीत असे डोळ्यांना दिसणारे काही नसते. म्हणून मुले थेट मोटर उघडायला बसतात. आमच्या मते मोटरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांच्या मधून लोहमार्ग जातो. तो ओलांडायचा तर कोपरी पूल, कोपर पूल किंवा पत्रीपूल चढणे आले. अशा सायकलीची ठरलेली तक्रारही तिथलीच: सपाटीवर उत्तम चालते, पुलाच्या मध्यावर मोटर गप्प होते. उतरून मल्टिमीटर लावला तर बॅटरी पूर्ण भरलेली दिसते. मग दोष कंट्रोलरच्या माथी मारला जातो.

येथे शाळेतला ओहमचा नियम कामी येतो. १२ व्होल्टच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडणीत आहेत असे समजू. भरलेल्या आणि विश्रांतीत असलेल्या अशा संचाचे विभवांतर सुमारे ३८ व्होल्ट भरते. पण प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. बॅटरी जुनी झाली, टर्मिनल गंजले की तो वाढतो. समजा संचाचा एकूण रोध ०.५ ओहम झाला आहे. सपाटीवर मोटर ४ अँपिअर धारा घेत असेल, तर आतल्या आत २ व्होल्ट खर्च होतात आणि ३६ उरतात. काहीच बिघडत नाही. चढावर धारा १४ अँपिअर झाली की ७ व्होल्ट आतच जातात, उरतात ३१. अशा संचासाठीचा कंट्रोलर साधारण ३१.५ व्होल्टच्या खाली मोटर तोडतो, कारण बॅटरी त्याहून खाली नेली तर ती खराब होते. मोटर तुटताच धारा शून्य होते, आतली घट नाहीशी होते आणि मीटर पुन्हा ३८ च्या आसपास दाखवतो! मीटर खोटे बोलत नाही. आपण त्याला चुकीच्या वेळी विचारतो.

तेव्हा मोजमाप भार असताना हवे. त्यासाठी पूल चढायची गरज नाही. मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा, ६०/५५ वॉटचा दिवा घ्यावा. त्याची एक तार पेटवली की साडेचार-पाच अँपिअर धारा वाहते. तिन्ही बॅटऱ्या सुट्या करून प्रत्येकीवर हा दिवा मिनिटभर लावावा आणि त्याच वेळी विभवांतर मोजावे. (दिवा फार तापतो, हात लावू नये.) दोन बॅटऱ्या १२ च्या आसपास टिकल्या आणि तिसरी झरझर १० च्या खाली उतरली, तर चोर सापडला. तिन्ही सारख्या निघाल्या तर सांधे पाहावेत. १४ अँपिअर धारेला एखाद्या सैल सांध्यावर २ व्होल्ट पडत असतील, तर तिथे २८ वॉट उष्णता तयार होते. प्लॅस्टिक वितळल्याची खूण तिथे बहुधा दिसतेच. ही तपासणी शिसे-आम्ल बॅटरीसाठी आहे. लिथियमचा संच मुलांनी उघडू नये, आणि फुगलेला संच तर चार्जरलाही लावू नये.

मोटर अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि ब्रेकच्या दांडीतला स्विच पाहावा. तो अडकून राहिला की कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो. त्यानंतर थ्रॉटल. त्याला ५ व्होल्ट मिळत असताना मूठ पिळल्यावर संकेताच्या तारेवर सुमारे १ पासून साडेतीन-चार व्होल्टपर्यंत सलग वाढ दिसली पाहिजे.

मोटरची परीक्षा आम्हांला सर्वांत आवडते, कारण तिला मीटरही लागत नाही. बॅटरी सोडवून मोटरच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून अलग कराव्यात. चाक उचलून हाताने फिरवावे, ते मोकळे फिरेल. आता कोणत्याही दोन तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवावे. चाक अडखळत, जड फिरते. चुंबक फिरल्याने वेटोळ्यात निर्माण झालेली धारा त्या फिरण्यालाच विरोध करते. हाच लेंझचा नियम, येथे तो मनगटाला जाणवतो. गिअर असलेली मोटर पुढच्या दिशेने मोकळीच फिरते, म्हणून ते चाक उलटे फिरवावे. तिन्ही जोड्यांना सारखाच विरोध जाणवला तर वेटोळी ठीक. एखाद्या जोडीला विरोध नसेल तर त्या वाटेवर तार तुटली आहे. तारा सुट्या असतानाही चाक अडखळत असेल तर दोष मोटरच्या आत आहे, आणि कंट्रोलरला जोडल्यावरच (बॅटरी सोडवलेली असताना) अडखळत असेल तर कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर जळाले असावेत.

रस्त्यावर चालण्याबाबत एक गोष्ट. मोटर वाहनांच्या नियमांतून सूट मिळणारी सायकल २५० वॉटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची, बॅटरी वगळता ६० किलोपर्यंत वजनाची आणि अधिकृत चाचणी संस्थेने मान्य केलेली असावी लागते. घरची सायकल शेवटच्या अटीत बसत नाही. तिच्या चाचण्या शाळेच्या मैदानावर घ्याव्यात. चढासाठी फळ्यांचा उतार पुरतो.

पावसाळ्यात बिघाड बहुधा आसातून बाहेर येणाऱ्या तारेवाटे शिरतो. तार सरळ वर नेली तर तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट मोटरमध्ये उतरते. आसापाशी तिला आधी खाली झोळ द्यावा आणि मग वर न्यावे, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो.