म्हातारपणचें मूत्रपिंड आणि गुडघ्याची गोळी

नासिकाहून त्र्यंबकेश्वरीं जातांना वाटेंत अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यांवर गिधाडें घरटीं करतात. एके काळीं भारतांत अगणित असलेला हा पक्षी १९९० नंतर थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहींसा झाला. कारण २००४ सालीं उमगलें. गुरांस दुखण्यावर दिलेलें डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं गुरांसाठीं तें बंद झालें. माणसांसाठीं तें आजही मिळतें.

मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि गतवर्षीं श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं आमच्या बाहत्तर वर्षांच्या काकू ब्रह्मगिरीची फेरी करून आल्या, त्या सुजलेले गुडघे घेऊनच. वाटेंत लघवीची अडचण नको म्हणून पाणीही बेतानेंच प्यालेल्या. कोणास न विचारतां त्यांनीं सूज उतरविणाऱ्या गोळ्या आणवून चार दिवस घेतल्या. पांचव्या दिवशीं पावलें सुजलीं, लघवी कमी झाली. रक्त तपासलें, तों क्रिएटिनिन दुप्पट!

मूत्रपिंड म्हणजे नुसती गाळणी, अशी आपली समजूत असते. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव तें गाळतें, हें खरें. पण तें संप्रेरकेंही निर्माण करतें. १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन यांस सशाच्या मूत्रपिंडांत रक्तदाब वाढविणारें रेनिन सांपडलें. रक्तपुरवठा कमी पडला कीं रेनिन सुटतें, त्यायोगें अँजिओटेन्सिन तयार होतें आणि रक्तवाहिन्या आवळतात. हा फास सैल ठेवण्याचें काम प्रोस्टॅग्लॅंडिन करतें. गुडघ्यांत सूज व वेदना उत्पन्न करणारेंही तेंच! अशा गोळ्या त्याची निर्मितीच रोखतात, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. गुडघ्यास आराम पडतो, आणि मूत्रपिंडाचें रक्त आंखडतें.

तरुणास हें सहसा जाणवत नाहीं. उतारवयांत मात्र गाळणारे सूक्ष्म गुच्छ बरेच झिजलेले असतात, शिवाय शरीरांत एक मंद दाह धुमसत असतो. दाह अँजिओटेन्सिनला चेतवितो, अँजिओटेन्सिन दाहाला. आणि मूत्रपिंडांत वणासारखे तंतू वाढतात. त्यांतच रक्तदाबाची व लघवी वाढविणारी गोळी चालू असली, तर वेदनाशामकाची भर फारच महागांत पडते. (म्हणून रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनानें बंद करूं नये, अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या गोळ्या एरवीं मूत्रपिंडाचें रक्षणच करतात.) वृद्धांचे स्नायू क्षीण असल्यानें क्रिएटिनिन ठीक दिसूनही आंत उणीव असूं शकते, डॉक्टरांकडून वयाचा हिशेब करूनच तो आंकडा वाचून घ्यावा.

काकूंच्या गोळ्या डॉक्टरांनीं थांबविल्या व महिन्याभरांत आंकडा बराच उतरला, पूर्ववत् मात्र झाला नाहीं. यंदा त्या फेरीस गेल्या नाहींत. मोटारीनें अंजनेरीपर्यंत जाऊन आल्या. कड्यावर दोन गिधाडें दिसलीं, म्हणून सांगत होत्या.