टर्बो डिझेलचा कॅमशाफ्ट झिजतो तेव्हा

पुण्यात कोथरूडला राहिलेल्यांना कमिन्स हे नाव नवं नाही. किर्लोस्करांबरोबरचा तिथला कारखाना १९६२ सालचा, मूळ कंपनी मात्र इंडियानातल्या कोलंबस गावची, १९१९ पासूनची. तिचं आयएसएक्स इंजिन इथल्या मोठ्या ट्रकांत आणि काही मोटरहोममध्येही असतं. २०१० पूर्वीच्या आयएसएक्सला वर दोन कॅमशाफ्ट: एक व्हॉल्व्ह उघडायला, दुसरा इंजेक्टर दाबायला.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी. त्याच्या उंचवट्यांवरून रॉकरचे रोलर फिरतात. रोलर अडकला की फिरायचं सोडून घासू लागतो, उंचवटा झिजतो, आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. टर्बो कितीही हवा दाबू दे, दारच अर्धं उघडलं तर ती आत जाणार कशी? मग टकटक आवाज, काळा धूर, चढावर दमछाक.

शंका आली तर ऑइल फिल्टर कापून बघायला सांगा. चमचमता लोखंडी चुरा दिसला, तर गाडी पुढे दामटू नका. बेअरिंग आणि टर्बो त्याच तेलावर चालतात.

माझ्या एका मित्राला गॅरेजने फक्त कॅमशाफ्टचा खर्च सांगितला. स्वस्त वाटला. (आम्हा आयटीवाल्यांना कोटेशनची शेवटची ओळ आधी दिसते!) जुने रोलर तसेच राहिले, आणि नवा कॅमही खराब झाला. रॉकर, रोलर सोबतच बदलायचे असतात. मग टाइमिंग जुळवायचं, थंड इंजिनवर व्हॉल्व्हची फट लावायची, तेल-फिल्टर नवे. काढलेले भाग मागून घ्या आणि रोलर बोटाने फिरवून बघा.