ग्राहक कोणास म्हणावे?

ग्राहक-संरक्षणाचा कायदा म्हणजे दिल्लीच्या सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेली, आणि मुळात अमेरिकेतून उसनी आणलेली वस्तू, अशी समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. १५ मार्च १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क उच्चारले, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून आपला कायदा सिद्ध झाला, ही दोन्ही विधाने यथार्थ आहेत. परंतु त्या दोन तारखांच्या दरम्यान महाराष्ट्रात जे घडले ते वगळले, तर इतिहासाचा गाभाच वगळल्यासारखे होते. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली; १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या; १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, जिच्या कार्यात सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकारही मनःपूर्वक गुंतला होता. (जोशी आणि फडके हे दोघेही दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातले, सरकारशी भांडण्याची सवय त्यांना जुनीच होती.) शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करावा, हा मुंबईच्या पंचायतीचा उपक्रम वरवर घरगुती दिसतो, पण मधल्या दलालावाचून व्यवहार होऊ शकतो, हे त्याने प्रत्यक्ष दाखवून दिले.

दुसरा गैरसमज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहात्यासारख्या तालुक्यास अधिक बाधक आहे. ग्राहक म्हणजे शहरातला पगारदार. पेरूची बाग राखणारा किंवा ऊस लावणारा शेतकरी हा माल विकणारा, तेव्हा त्यास या कायद्याने काय द्यावे, असे येथे सर्रास बोलले जाते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभारून उत्पादकाच्या एकजुटीचा धडा साऱ्या देशास दिला. त्याच भूमीत विकत घेणाऱ्याची एकजूट मात्र तितकी रुजली नाही, याचे कारण मला या समजुतीतच दिसते. वस्तुतः बियाणे, खत, औषध, पंप यांची खरेदी करताना शेतकरी हा ग्राहकच असतो. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या सदोष बियाण्याच्या तक्रारीवर नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले. शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेसाठी राखून ठेवला नाही, हा कंपनीचा युक्तिवादही न्यायालयाने अमान्य केला, कारण विकत घेतलेले सारे बियाणे पेरून टाकणे हाच शेतकऱ्याचा स्वाभाविक क्रम होय.

सरकारी यंत्रणा या कायद्याच्या कक्षेबाहेर असते, ही कल्पना लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने, आणि डॉक्टर बाहेर असतात ही कल्पना १९९५ च्या निकालाने मोडीत निघाली. सर्वांवर सर्वथा विनामूल्य उपचार करणारी रुग्णालये तेवढी अपवाद. वकिलांस मात्र २०२४ साली त्याच न्यायालयाने मोकळे सोडले, यावर वाचकांनी आपापल्या अनुभवाप्रमाणे भाष्य करावे.

दुकानांत टांगलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीस पुष्कळांनी हुकूमनाम्याचा दर्जा दिला आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यानुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि पावतीवर मुदत नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. केवळ रंग आवडला नाही म्हणून माल परत करण्याचा हक्क मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. छापील किंमत सरकार ठरवते, हेही सामान्यतः खरे नव्हे: ती उत्पादक छापतो, ती कमाल मर्यादा असते, आणि तिच्याहून कमी दराने विकण्यास दुकानदार मुखत्यार असतो.

राहिला तक्रारीचा मार्ग. त्यासाठी वकील अनिवार्य नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आणि कंपनीचे दप्तर बंगळुरात असले तरी राहात्याचा रहिवासी आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे अहिल्यानगरच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. बियाण्याच्या बाबतीत पीक उभे असतानाच कृषी खात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करवून घ्यावा, आणि कृषी सेवा केंद्राची पक्की पावती व पिशवीवरचे लेबल जपून ठेवावे.