लससक्तीतून सूट : कायद्यातील वाट आणि तिची रुंदी

अमेरिकेत शाळकरी मुलांच्या लसीकरणाची सक्ती केंद्र सरकार करत नाही. शाळाप्रवेशासाठी कोणत्या लसी आवश्यक आहेत आणि त्यांतून कोणाला सूट द्यावी, हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरवते. राज्यांच्या या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते १९०५ साली, मॅसॅच्युसेट्समधील एका खटल्यात. केंब्रिज शहरात देवीची साथ पसरल्याने १९०२ मध्ये तेथील आरोग्य मंडळाने लस घेण्याचा आदेश काढला होता आणि तो न पाळणाऱ्या हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाला पाच डॉलरचा दंड झाला होता. सार्वजनिक आरोग्यासाठी राज्याला व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सांगून न्यायालयाने तो दंड योग्य ठरवला. पुढे १९२२ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील प्रकरणात शाळाप्रवेशासाठी लसीची अट घालणेही न्यायालयाने वैध मानले.

मात्र राज्याला सक्ती करता येते याचा अर्थ सूट देऊ नये असा होत नाही, त्यामुळे कायद्यांमध्ये तीन प्रकारच्या सवलती आढळतात. लसीतील घटकाची तीव्र ॲलर्जी किंवा क्षीण प्रतिकारशक्ती यांसारख्या कारणांवरून मिळणारी वैद्यकीय सूट सर्वत्र आहे. बहुतेक राज्यांत धार्मिक कारणावरूनही सूट मिळते, तर काही राज्यांत पालकांचे वैयक्तिक मत एवढे कारणही पुरते. आपल्या मुलाच्या शरीराविषयीचा निर्णय कुटुंबाचा आहे आणि ज्यांना लस हवी ते ती घेऊन सुरक्षित राहू शकतात, असे सवलतीचे समर्थक म्हणतात. परंतु गोवराची पहिली लस साधारणपणे वयाच्या पहिल्या वर्षानंतर दिली जाते, त्यामुळे तान्ही बाळे आणि ज्यांना लस देताच येत नाही असे रुग्ण यांचे संरक्षण भोवतालच्या माणसांवर अवलंबून राहते. पुरेशा लोकांना लस मिळाल्याने रोगाची साखळी तुटणे, याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात आणि गोवरासाठी हे प्रमाण सुमारे ९५ टक्के असावे लागते.

सवलत मिळवणे किती सोपे आहे यावर तिचा परिणाम किती अवलंबून असतो, हे कॅलिफोर्नियात स्पष्ट दिसले. तेथे वैयक्तिक मतावर आधारलेली सूट घेणाऱ्या पालकांनी लसीचे फायदे-तोटे समजून घेतल्याची आरोग्य व्यावसायिकाची सही आणावी, अशी अट २०१४ पासून लागू झाली आणि ही सूट घेणाऱ्यांचे प्रमाण घटले. त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेलँडमधून गोवर पसरून शंभराहून अधिक लोकांना लागण झाल्यावर, बालरोगतज्ज्ञ असलेले सिनेटर रिचर्ड पॅन यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ही सूटच रद्द करण्यात आली. त्यानंतर लसीकरण वाढले, पण त्याचबरोबर वैद्यकीय सूट घेणारेही वाढले, कारण काही डॉक्टर ती सढळ हाताने देऊ लागले होते. म्हणून २०१९ च्या कायद्याने वर्षात पाच किंवा त्याहून अधिक दाखले देणाऱ्या डॉक्टरांचे आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी लसीकरण असलेल्या शाळांचे दाखले राज्याच्या आरोग्य खात्याने तपासावेत, अशी तरतूद केली. न्यूयॉर्कने त्याच वर्षी धार्मिक सूट बंद केली.

कोविडनंतर वारे उलटेही वाहू लागले. आयडाहोने २०२५ मध्ये ‘वैद्यकीय स्वातंत्र्य’ या नावाने कायदा करून व्यवसाय आणि शाळा यांनी प्रवेशासाठी किंवा सेवेसाठी वैद्यकीय उपचारांची अट घालण्यावर मोठ्या प्रमाणात बंदी आणली. टेक्सासमध्ये सूट मागणाऱ्या पालकांना पूर्वी आरोग्य खात्याकडे अर्ज करून टपालाने येणाऱ्या नमुन्याची वाट पाहावी लागे. सप्टेंबर २०२५ पासून तो नमुना घरबसल्या उतरवून घेता येतो, नोटरीपुढे सही करण्याची अट मात्र कायम आहे. त्याच वर्षी गेन्स परगण्यापासून सुरू झालेल्या गोवराच्या साथीत टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन मुले दगावली होती. सूट घेणारी कुटुंबे राज्यभर सारखी विखुरलेली नसतात. एकाच गावात वा समाजात ती एकवटली की राज्याची सरासरी चांगली असूनही तेथे साथीला वाव मिळतो. म्हणूनच अशा कायद्याचे मोल जोखताना सूट आहे की नाही एवढेच न पाहता, ती मिळवायला किती सायास पडतात आणि दाखला कोण तपासतो, हे पाहिले पाहिजे.